खालचा कप्पा

घराची बैठकीची खोली पाहुण्यांसाठी असते, स्वयंपाकघरात शेजारीणही हक्काने येते. पण झोपण्याच्या खोलीतील कपाट मात्र घरच्या माणसांवाचून कोणी उघडत नाही. म्हणूनच की काय, त्यात आपण जे जे ढकलून देतो त्याचा जाब आपल्याला कोणी विचारीत नाही. दार लोटले, कडी घातली की झाले. आमच्या घरच्या कपाटाला अशी कडी आम्ही पुष्कळ वर्षे घालीत आलो. यंदा नाताळची आरास उतरवली आणि त्याच आठवड्यात ती कडी दारासकट आमच्या हाती आली!

आम्ही एकलहऱ्याचे. जन्माने नव्हे, नोकरीने. गोदाकाठच्या या गावी औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले आणि १९७० व १९७१ साली १४० मेगावॅटचे पहिले दोन संच सुरू झाले. ते आता बंद आहेत. १९७९ ते १९८१ या काळात त्यांच्या शेजारी २१० मेगावॅटचे आणखी तीन संच आले आणि त्याच सुमारास नगर जिल्ह्यातून, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, आम्ही देखभाल विभागात कामाला आलो. वसाहतीत संसार झाला, मुले मोठी झाली, २००५ साली वीज मंडळाचे विभाजन झाले, पुढे आम्हीही निवृत्त झालो. जवळच दोन खोल्यांचे घर बांधून ठेवले होते, तेथे आलो. आईही आमच्याबरोबर आली. झोपण्याच्या खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीत चार फूट रुंद, सात फूट उंच आणि दीड फूट खोल असे एक कपाट घर बांधतानाच काढून घेतले होते. दारे सागवानी होती. फळ्या मात्र पैसे संपत आल्यामुळे हलक्या प्लायच्या घातल्या होत्या. पुढे बदलू, असे तेव्हा म्हटले होते. ‘पुढे’ हा शब्द आमच्या घरात फार वापरला जातो.

फेब्रुवारीत नाशिक रोडला बाळ येशूची यात्रा भरते. वसईला दिलेली आमची पुतणी यंदा यजमान आणि दोन मुलांसह यात्रेला येणार, चार दिवस राहणार, असा तिचा फोन आला. पाहुण्यांना झोपायची खोली द्यायची आणि तिच्यात दार निखळलेले कपाट, हे काही बरे दिसणार नव्हते. एका सुतारास बोलावले. त्याने कपाटाकडे एकदा आणि आमच्याकडे एकदा पाहून जो आकडा सांगितला, तो ऐकून सौ. पाणी आणण्याच्या निमित्ताने आत गेल्या. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, आयुष्यभर वीजकेंद्राची यंत्रं दुरुस्त केलीत. हे चार फळ्यांचं कपाट नाही का होणार तुमच्यानं?” हा टोमणा होता की विश्वास, याचा निर्णय आम्ही अद्याप केलेला नाही, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही कामास लागलो.

पहिले काम कपाट रिकामे करण्याचे. हे काम दहा मिनिटांचे वाटते आणि दोन दिवस खाते. सारे सामान पलंगावर आणि अंगणातील बाजेवर मांडले. मुलांच्या शाळेचे बिल्ले, किल्ली हरवलेली दोन कुलुपे, कुलूप हरवलेल्या सात किल्ल्या, लग्नातील आहेराच्या न फोडलेल्या पिशव्या, ‘निरोप्या’चे जुने अंक. हे मासिक १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी आमच्याच जिल्ह्यातील केंदळ गावी सुरू केले, म्हणून आईला त्याचा मोठा अभिमान. तिला वाचता येत नसे, पण अंक रद्दीत घालू देत नसे. आणि या सर्वांवर एक मऊ, करडा थर होता.

ही राख. एकलहऱ्यात राहणाऱ्यास तिची ओळख करून द्यावी लागत नाही, इतरांसाठी सांगतो. आपल्याकडील वीजकेंद्रांत जळणाऱ्या कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४० टक्के असते. त्यातली जड राख भट्टीच्या तळाशी पडते. हलकी राख धुराबरोबर वर जाते. धुरातील ही राख विद्युतभाराने ओढून घेणारी यंत्रे चिमणीच्या अलीकडे बसविलेली असतात आणि ती बहुतेक राख पकडतात. तिचे सिमेंट होते, विटा होतात. तरीही वाळलेल्या राखेच्या तळ्यावरून वारा सुटला किंवा यंत्रात काही बिघाड झाला की ती गावावर उतरते. आम्ही स्वतः त्या यंत्रांच्या देखभालीवर राबलो, तेव्हा दुसऱ्या कोणाला बोल लावण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण बंद कपाटात, घडीच्या आत, घडीच्याही घडीत ती कशी शिरते, हे कोडे आम्हांस नोकरीत असताना सुटले नाही आणि निवृत्तीनंतरही सुटलेले नाही. सौं.नी एक पांढरा सदरा झटकला तेव्हा उन्हात जो धूर उठला, त्यात आम्हांस आमची सारी नोकरी दिसली.

सामान बाहेर आल्यावर एक हिशेबही बाहेर आला. कपाटाला पाच कप्पे. त्यांतील वरचे तीन आमचे! एकात कपडे, एकात कागदपत्रे, आणि एकात, पुढे कधी लागतील म्हणून साठवलेली तारा, नट-बोल्ट, जुने मीटर अशी मालमत्ता. चौथा कप्पा सौं.चा, त्यातही अर्धी जागा पांघरुणांनी घेतलेली. त्यांच्या साड्या लग्नात आणलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत, पलंगाखाली. चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या वाकून, ट्रंक ओढून साडी काढीत आल्या आणि आम्ही ते रोज पाहत आलो. परंतु पाहणे आणि ध्यानात येणे यांत अंतर असते. आम्ही विचारले, “अगं, कधी बोलली का नाहीस?” त्या म्हणाल्या, “तुम्ही विचारलंत आज.” पापनिवेदनास बसताना मोठमोठी पापे आठवण्याची आम्हांस सवय. फळ्यांच्या वाटणीतील अन्याय आमच्या यादीत कधी आला नव्हता.

पाचवा, म्हणजे सर्वांत खालचा कप्पा आईचा. आई २०१८ च्या पावसाळ्यात गेली. तेव्हापासून तो कप्पा आम्ही उघडला नव्हता. कोणी विचारले तर ‘आईची आठवण आहे, तशीच ठेवली आहे’ असे सांगत असू. तो दिवस आम्ही शेवटी ठेवला.

आता थोडे कामाविषयी. आमच्यासारखे कोणी हौशी वाचक हे काम अंगावर घेणार असतील तर आमच्या चुका त्यांच्या उपयोगी पडतील. कपाटाच्या मागील भिंतीवर ओल होती आणि ओलीच्या कडेने वाळवीच्या मातीच्या नळ्या वर चढल्या होत्या. जमिनीतून येणारी ही वाळवी ओलाव्यावाचून जगत नाही. म्हणून नुसते औषध मारून भागत नाही, ओल थांबवावी लागते. ती आतून रंग देऊन थांबत नसते. बाहेर जाऊन पाहिले तर खिडकीच्या छज्जाखाली बोटभर भेग पडली होती आणि पावसाचे पाणी वर्षानुवर्षे तेथून मुरत होते. ती भेग खरवडून सिमेंटने बुजवली, आतील सुटलेला गिलावा काढला, नळ्या मोडून वाळवीचे औषध मारले आणि तोंडाला फडके बांधून, खिडक्या उघड्या टाकून भिंत आठ दिवस वाळू दिली. मग चुन्याचे दोन हात दिले. नव्या फळ्या भिंतीला चिकटवायच्या नाहीत, मागे अर्धा इंच फट ठेवायची, म्हणजे हवा खेळते, हेही त्यात शिकलो.

फळ्यांसाठी पाण्याने न सुटणाऱ्या प्रतीचा पाऊण इंची प्लाय आणला. आठ बाय चारच्या एका शीटमधून चार फूट लांब व दीड फूट रुंद अशा बरोबर पाच फळ्या निघतात आणि सहा इंचांची एक पट्टी उरते. जुन्या फळ्या मधोमध पोटात आल्या होत्या. याचे गणित आम्हांस नोकरीमुळे ठाऊक होते. सारख्या भाराखाली फळीचा बाक तिच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. मध्ये एक टेकू दिला की लांबी निम्मी होते आणि बाक सोळाव्या हिश्शावर किंवा त्याहूनही खाली येतो. जाड फळीवर पैसे घालण्यापेक्षा टेकू स्वस्त. जुन्या सागवानी पट्ट्या रंधून आम्ही प्रत्येक फळीखाली मधोमध उभे टेकू दिले. पुढे सौं.ना हे गणित समजावून सांगू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “मध्ये कुणीतरी टेकू लागतो, हे मला शाळेत न शिकता कळलंय.”

एवढे गणित जाणणाऱ्या आम्ही पहिलीच फळी चुकवली. माप घेतले ते फक्त पुढच्या बाजूने. भिंत मागे पाऊण इंच आत झुकलेली होती; फळी निम्म्यावर जाऊन अडकली ती पुढेही जाईना आणि मागेही येईना. हातोडीने ठोकून काढताना तिची कड फुटली आणि आमचा अंगठाही. तेव्हा सौं.नी करवत आमच्या हातातून काढून घेतली. त्या घरी शिवणकाम करतात. ब्लाउज बेततात तसा त्यांनी वर्तमानपत्राचा कागद कपाटाच्या आत पसरला, कोपऱ्यांत नखाने दाबला, कडा कापल्या आणि तो कागद प्लायवर ठेवून पेन्सिल फिरवली. भिंत जशी वाकडी तशी फळी वाकडी कापली गेली आणि अलगद बसली. “माणूस सरळ नसतो, म्हणून तर माप घ्यावं लागतं,” एवढेच त्या म्हणाल्या. उरलेल्या फळ्या याच रीतीने झाल्या. फुटलेली फळी आम्ही वरच्या कप्प्यास लावली, फुटकी कड भिंतीकडे करून.

सामानाची निवड हे खरे अवघड काम. आम्ही तीन ढीग केले : ठेवायचे, द्यायचे आणि टाकायचे. आमच्या धर्मग्रामात विन्सेंट डी पॉल संस्थेचे काम आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याचे विद्यार्थी मित्र यांनी सुरू केलेली ही संस्था आज जगभर गरिबांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करते. ‘द्यायचे’ हा ढीग त्यांच्याकडे जाणार होता. प्रारंभी आम्ही त्यात कॉलर विरलेले सदरे टाकले. सौं.नी ते उचलून ‘टाकायचे’मध्ये ठेवले आणि आमच्या ठेवणीतील, नाताळला एकदाच घातलेले दोन सदरे ‘द्यायचे’मध्ये घातले. आम्ही कुरकुर केली. पण चौथ्या शतकातील संत बेसिल यांची एक शिकवण फादरांनी प्रवचनात सांगितली होती, ती आठवली. पेटीत पडून असलेले वस्त्र हे ज्याच्या अंगावर वस्त्र नाही त्याच्या मालकीचे असते, अशा अर्थाची ती शिकवण. ऐकताना आम्ही मान डोलावली होती. पेटीच्या जागी आमचे स्वतःचे कपाट असेल, हे तेव्हा मनात आले नव्हते.

कपाटाच्या माथ्यावर झावळ्यांच्या रविवारच्या सुकलेल्या झावळ्या होत्या, पाच-सहा वर्षांच्या तरी. आशीर्वादित वस्तू म्हणून टाकवत नाहीत आणि दर वर्षी चर्चमध्ये परत न्यायच्या राहून जातात. त्या एका धाग्याने बांधून बाजूला ठेवल्या.

शेवटी खालचा कप्पा उरला.

वरून चार लुगडी होती. आईची रोजची. उचलताच त्यांतील दोन हातात विरली. वाळवीने मागच्या बाजूने घड्याच्या घड्या खाल्ल्या होत्या. वरचा पदर तेवढा शाबूत, आत माती. आम्ही दोघेही काही बोललो नाही. पृथ्वीवर साठवलेल्या धनास कसर लागते, हे प्रभूचे वचन आम्ही नेहमी पैसेवाल्यांना उद्देशून समजत आलो होतो. आई गेली त्याच वर्षी ही लुगडी कोणा म्हातारीला दिली असती, तर ती तिच्या अंगावर झिजली असती. आम्ही त्यांना ‘आठवण’ म्हटले आणि वाळवीला दिली.

लुगड्यांखाली एक लहान पत्र्याची पेटी होती. तिला वाळवी लागली नव्हती. आत एक कोरे नऊवारी लुगडे, पांढरे, बारीक निळ्या काठाचे. त्याच्या घडीत हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेतून आणलेली लाकडी जपमाळ, दोन फेब्रुवारीला चर्चमध्ये आशीर्वादित केलेली मेणबत्ती आणि रुमालाच्या गाठीत चार नोटा.

आम्हांस समजण्यास वेळ लागला, सौं.ना लागला नाही. त्या मटकन खाली बसल्या. आईने स्वतःच्या शेवटच्या दिवसाची तयारी करून ठेवली होती. नेसवायचे लुगडे, हातात द्यायची माळ, उशाशी लावायची मेणबत्ती आणि आपल्या मिस्सेचे पैसे. मुलावर भार नको.

आणि आम्हांस तिचे शेवटचे दोन दिवस आठवले. बोलणे जवळजवळ थांबले होते. मधूनच ती म्हणे, “खालचं बघ रे.” आम्ही खाटेखाली वाकून पाहिले. तिथे तिच्या वहाणा होत्या आणि पाण्याचे भांडे. “काही नाही आई, सगळं ठीक आहे,” असे आम्ही सांगितले. ती पुन्हा म्हणाली. आम्ही पुन्हा खाटेखाली पाहिले. नंतर ती म्हणायची थांबली. पहाटे ती गेली तेव्हा नाशिक रोडला दुकान उघडण्याची वाट पाहून घाईघाईने एक साडी आणली. मेणबत्ती शेजाऱ्यांकडून मागून घेतली. खोलीच्या भिंतीत, चार हातांवर, सारे काही घडी करून ठेवलेले होते.

नोटा पाचशेच्या होत्या, जुन्या. नाशिक रोडला नोटांचा कारखाना १९२८ पासून आहे. नोट छापली कोठे जाते हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री त्या नोटा रद्द झाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही घरातील डबे शोधले आणि आईला विचारले होते, “आई, तुझ्याजवळ काही नोटा आहेत का? बदलून आणतो.” ती म्हणाली होती, “माझ्याजवळ रे कुठले पैसे?” तेव्हा वाटले, म्हातारीजवळ कुठून असणार. आता उमगले की ती खोटे बोलली नव्हती. ते पैसे तिने स्वतःचे मानलेच नव्हते. ते देवाला देऊन झाले होते. दोन हजार रुपये. विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांची कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ती आमच्याच घरात, आमच्याच कपाटात घडत होती.

त्या संध्याकाळी काम पुढे झाले नाही. आम्ही म्हणालो, “ही पेटी अशीच ठेवू या. आईची आठवण.” सौ. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “पुन्हा ठेवूनच द्यायची का?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

रविवारी मिस्सेनंतर फादरांना भेटलो. दोन हजार रुपये त्यांच्या हाती दिले आणि आईच्या आत्म्यासाठी मिस्सा लिहून घ्यावयास सांगितले. “कुणाच्या वतीने?” त्यांनी विचारले. आम्ही सांगितले, “तिच्याच. पैसे तिचे आहेत. आम्हांला पोचवायला उशीर झाला.” फादरांनी अधिक काही विचारले नाही. झावळ्यांची जुडीही त्यांच्याकडे दिली. जुन्या झावळ्या जाळून त्यांचीच राख भस्म बुधवारी कपाळी लावतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. शाबूत राहिलेली दोन लुगडी धुऊन, इस्त्री करून विन्सेंट डी पॉलच्या मंडळींकडे दिली. रद्द झालेल्या चार नोटा मात्र जपमाळेसह आमच्या घरच्या वेदीच्या खणात आहेत. बाजारात त्यांना मोल नाही.

पाहुणे आले, यात्रा झाली, चार दिवस घर भरून गेले. कपाट नवे झाले आहे हे कोणाच्या लक्षातही आले नाही. पुतणीने साड्या ठेवायला जागा विचारली, तेव्हा सौं.नी मधला, हात सहज पोचेल असा कप्पा उघडून दिला आणि म्हणाल्या, “इथे ठेव, हा माझा.” तारा, नट-बोल्ट आणि जुने मीटर भंगारवाल्याकडे गेले होते, आमची मालमत्ता आता सर्वांत वरच्या, फुटक्या कडेच्या फळीवर आहे आणि ती पुरेशी आहे. पलंगाखालची ट्रंक निघाली, तिच्या जागी फरशीचा एक चौकोन बाकीच्यांहून वेगळ्या रंगाचा दिसला. तो अजून पुसला जात नाही.

आईच्या लुगड्याचे सौं.नी काय केले ते सांगून हा लेख संपवतो. त्यांना नऊवारी नेसण्याची सवय नाही. एका दुपारी त्यांनी ते पाण्यातून काढले, वाळवले आणि वारांनी मोजून सहा व तीन असे दोन भाग केले. कात्री लावण्यापूर्वी क्रुसाची खूण केली. तीन वारांचे घरच्या वेदीला आच्छादन झाले. सहा वारांची साडी भस्म बुधवारी त्या नेसल्या. रांगेत आम्ही त्यांच्या मागे होतो. फादरांनी त्यांच्या कपाळी राखेने क्रूस केला तेव्हा थोडी राख पांढऱ्या पदरावर सांडली. एकलहऱ्यातील बाई साडीवर राख दिसली की हात आपोआप झटकते. सौं.नी झटकली नाही.

आम्ही पुढे सरलो आणि फादरांपुढे डोके वाकवले.